नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र: घरपट्टीच्या बिलावर हिशेबही छापा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मालमत्ता कराच्या देयकावर आकारणीचा संपूर्ण हिशेब छापण्याबाबत आणि चुकीची नोंद दुरुस्त करण्याच्या पद्धतीबाबत.

महोदय,

मी एका नागरी सहकारी बँकेतून निवृत्त झालेला कर्मचारी आहे. 31 वर्षे लोकांची खाती लिहिली आणि तपासली. घरपट्टी माफ करा किंवा कमी करा, अशी मागणी मी या पत्रात करणार नाही. रस्ता, पाणी, कचरा या गोष्टी पैशांशिवाय होत नाहीत हे मला कळते. माझे म्हणणे एवढेच आहे की महानगरपालिका माझ्याकडे जी रक्कम मागते, ती कशी आली हे तिने त्याच कागदावर लिहून द्यावे. आज ते लिहिलेले नसते, आणि त्यामुळे माझ्यासारख्या आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसालाही स्वतःच्या घराचे बिल तीन वर्षे वाचता आले नाही.

माझ्या शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका कार्यालयाची तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही, आणि राज्यातल्या कोणत्याही महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या घरमालकाला यातले काही ना काही ओळखीचे वाटेल याची मला खात्री आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये मी 1998 साली बांधलेल्या इमारतीतली एक जुनी सदनिका विकत घेतली. खरेदीखत नोंदवले, मुद्रांक शुल्क भरले, इंडेक्स टूची, म्हणजे दस्तनोंदणीच्या गोषवाऱ्याची, प्रत हातात आली आणि कागदांचे काम संपले असे मी समजलो. पुढच्या वर्षीचे घरपट्टीचे बिल पूर्वीच्या मालकांच्या नावाने आले. नाव बदलायला वेळ लागत असेल असे वाटून मी ते भरून टाकले. त्या बिलावर ‘भोगवटादार’ (म्हणजे घरात राहणारा) या रकान्यात एका अनोळखी गृहस्थांचे नाव होते, ते मी छपाईतली चूक म्हणून सोडून दिले. ‘वापर’ या रकान्यात ‘नि.भा.’ अशी दोन अक्षरे होती. त्यांचा अर्थ ‘निवासी भाग’ असा मी माझ्या मनाने लावला.

मे 2025 मध्ये आमच्या सोसायटीच्या जिन्यात शेजाऱ्यांशी सहज बोलणे निघाले. त्यांची सदनिका माझ्याच मापाची आहे, एकाच मजल्यावर, समोरासमोर. त्यांचे वर्षाचे बिल 5,806 रुपये होते आणि माझे 11,612. घरी येऊन दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, तेव्हा दिसले की माझा आकडा बरोबर दुप्पट आहे. थकबाकी किंवा व्याज असते तर आकडा असा नेमका दुप्पट आला नसता. म्हणजे कुठेतरी कोणीतरी दोनाने गुणले होते.

क्षेत्रीय कार्यालयातल्या खिडकीवरच्या लिपिक बाईंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि अर्ध्या मिनिटात उलगडा केला. ‘नि.भा.’ म्हणजे निवासी भाडेकरू. पूर्वीच्या मालकांनी घर भाड्याने दिले होते, भोगवटादाराच्या रकान्यातले अनोळखी गृहस्थ म्हणजे त्यांचे भाडेकरू, आणि ते घर सोडून गेल्याला आता आठ वर्षे झाली होती. माणूस गेला, मालक बदलला, पण आकारणीच्या नोंदवहीत ते गृहस्थ अजून माझ्या घरात राहत होते आणि त्यांच्या राहण्याचा कर मी भरत होतो. बाईंशी माझे काहीच भांडण नाही. उलट त्यांनी एका कोऱ्या कागदावर सगळा हिशेब मांडून दिला, आणि तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण माझ्या घराच्या कराचा खरा हिशेब मला त्या एकाच कागदावर पाहायला मिळाला.

तो हिशेब असा होता. क्षेत्र 640 चौरस फूट. मालक स्वतः राहत असल्यास आमच्या भागातला दर महिन्याला चौरस फुटाला 2 रुपये. म्हणजे महिन्याचे 1,280 आणि वर्षाचे 15,360 रुपये झाले. त्यातून दुरुस्तीपोटी कायद्याने ठरलेली 10 टक्के वजावट केली की 13,824 रुपये उरतात. हे झाले करपात्र मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, सफाई कर, पाणीपुरवठा लाभ कर, मलनिस्सारण लाभ कर, अग्निशमन, वृक्ष आणि राज्य सरकारचा शिक्षण कर असे सगळे मिळून आमच्याकडे 42 टक्के लागतात, आणि उत्तर येते 5,806. भाडेकरू असेल तर 2 रुपयांच्या जागी 4 रुपये धरायचे, बाकी सारे तेच. सहावी-सातवीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे. मग ते बिलावर का नसावे?

बिलावर काय असते? मिळकत क्रमांक, करपात्र मूल्याचा एक तयार आकडा, आणि त्याखाली करांची लांबलचक यादी. ज्या चार गोष्टींवरून तो तयार आकडा निघतो, म्हणजे क्षेत्र, दर, बांधकामाचे वर्ष आणि वापर, त्यातल्या तीन गोष्टी नसतात आणि चौथी दोन अक्षरांत मिटलेली असते. बँकेने ग्राहकाला फक्त शेवटची शिल्लक कळवली आणि व्यवहार विचारायला खिडकीवर या असे सांगितले, तर रिझर्व्ह बँक ते चालू देईल का?

क्षेत्राचा गोंधळ तर स्वतंत्रच आहे. करारनाम्यात चौरस फूट, तेही जुन्या करारांत जिना-गच्चीचा वाटा धरून फुगवलेले. मंजूर नकाशात चौरस मीटर. आकारणीत कुठे चटई क्षेत्र (भिंतींच्या आतले), कुठे बांधीव क्षेत्र (भिंतींसकट). माझ्या तीन कागदांवर एकाच घराची तीन क्षेत्रफळे आहेत आणि कर नेमका कशावर लागतो हे कोणत्याच कागदावर नाही. त्यात माणूस मुंबईहून पुण्याला आला तर पद्धतच बदलते. मुंबईत 2010 पासून घराच्या भांडवली मूल्यावर कर आकारला जातो, त्यात रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारभावाचा, दर आणि त्याला लावायचे इमारतीचे वय, बांधकामाचा प्रकार असे भारांक येतात. पुण्यात मात्र घर भाड्याने दिले तर किती भाडे येईल, या कल्पित भाड्यावरच अजून कर ठरतो. दोन्ही पद्धती कायद्यात बसतात. परंतु मुंबईच्या भांडवली मूल्याच्या नियमांपैकी काही नियम उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केले आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, हे पाहिल्यावर वाटते की हिशेब तपासायचे पहिले ठिकाण न्यायालय नसावे.

सवलतींबाबतही असेच घडते. पुण्यात 1970 पासून मालक स्वतः राहत असलेल्या घरांना 40 टक्के सवलत मिळत होती आणि देखभालीपोटी 10 ऐवजी 15 टक्के वजावट दिली जात होती. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आले, सवलतीचा आधार असलेला ठराव सरकारने 2019 मध्ये विखंडित, म्हणजे रद्द, केला आणि नव्याने नोंद होणाऱ्या घरांना सवलत मिळेनाशी झाली. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने 40 टक्के सवलत पुन्हा कायम केली, वजावट मात्र 10 टक्क्यांवर आणली. निर्णय चांगला होता. पण ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी-3 नावाचा अर्ज भरून, आपण त्याच घरात राहतो याचे पुरावे जोडून तो मुदतीत द्यायचा होता, आणि ती मुदत सुरुवातीला 15 नोव्हेंबर 2023 अशी होती. ज्याने वर्तमानपत्र नीट वाचले त्याने अर्ज भरला. ज्या वृद्ध जोडप्याचा मुलगा परगावी आहे, त्यांच्या बिलावर ‘तुमची सवलत बंद झाली आहे, हा अर्ज भरा’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, तर त्यांना ही बातमी बिलाबरोबर घरपोच मिळाली असती.

मुंबईत 2019 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाल्याच्या बातम्या आल्या आणि लोकांच्या हाती बिले पडली तेव्हा त्यातला केवळ सर्वसाधारण कर वगळलेला होता, बाकीचे कर तसेच होते. पूर्ण माफी 1 जानेवारी 2022 पासून मिळाली. मधल्या काळात किती लोकांनी खिडकीवर जाऊन लिपिकांशी वाद घातला असेल याची कल्पना करवत नाही. दोष लिपिकांचा नव्हता. घोषणेत ‘कर’ हा एकच शब्द होता आणि बिलात त्या शब्दाचे आठ-दहा तुकडे होते.

आता चूक सापडल्यावर काय होते ते सांगतो. मी अर्ज दिला, आवक क्रमांकाची पोच घेतली. जोडलेली कागदपत्रे: खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचा ना-हरकत दाखला, वीजबिल, शेवटची भरलेली पावती आणि आधार कार्डाची प्रत. निरीक्षक पाहणीला येतील असे सांगण्यात आले. ते चार महिन्यांनी आले, स्वयंपाकघरात डोकावले, पाणी प्यायले आणि ‘तुम्हीच राहता हे दिसतंच आहे’ म्हणाले. भले गृहस्थ होते. त्या चार महिन्यांत, मी माझ्या हिशेबाने योग्य ती रक्कम भरली होती तरी, उरलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत राहिली. वर्षाला हे 24 टक्के होतात. आमच्या बँकेत कर्ज बुडवणाऱ्यालाही आम्ही इतका दर लावत नव्हतो.

शेवटी नोंद दुरुस्त झाली, पण अर्जाच्या तारखेपासून. आधीच्या तीन वर्षांत जास्तीचे भरलेले 17,418 रुपये परत मिळणार नाहीत, कारण त्या त्या वर्षी मुदतीत हरकत घेतली नव्हती. हरकत घ्यायला चूक दिसायला हवी, आणि ती दोन अक्षरांत लपलेली होती. कायद्यात अपिलाची वाट आहे, पण तिथे वादातली रक्कम आधी भरावी लागते आणि मुदत 15 दिवसांची असते. सतरा हजारांसाठी वकील लावणारा माणूस शहाणा म्हणायचा की नाही, हे आपणच ठरवावे.

माझीही एक चूक आहे आणि ती झाकून हे पत्र लिहिणे बरे नाही. कराधान नियमांप्रमाणे मालकी बदलली की तीन महिन्यांच्या आत आयुक्तांना कळवण्याची जबाबदारी विकणारा आणि घेणारा दोघांवरही असते. मला हे माहीत नव्हते. विकणाऱ्यांना नव्हते, मध्यस्थाला नव्हते आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोन अंगठे आणि एक छायाचित्र घेऊन आम्हाला मोकळे करणाऱ्यांनीही सांगितले नाही. जे सरकार दस्त नोंदवून घेते त्याच सरकारच्या कायद्याखाली महापालिका चालते. मग एका खात्याने दुसऱ्या खात्याला कळवायचे काम नागरिकाने झेरॉक्स काढून का करावे?

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे. राज्यातल्या सर्व महानगरपालिका आणि नगरपरिषदांना एकच आदेश द्यावा की प्रत्येक बिलाच्या पाठीमागे त्या मिळकतीचा हिशेब छापला जाईल: कोणते क्षेत्र धरले, ते चटई आहे की बांधीव, दर कोणता, वापर कोणता, वजावट किती, कोणती सवलत दिली आणि कोणती दिलेली नाही. वापराचा शब्द पूर्ण लिहावा, संक्षेप नको. दस्त नोंदला गेला की तीच माहिती आकारणी विभागाकडे आपोआप जाईल, आणि नवीन मालकाच्या मोबाइलवर ‘आपल्या मिळकतीची सध्याची नोंद अशी आहे, बदल असल्यास कळवा’ असा मराठीत संदेश येईल, ही व्यवस्था सर्व शहरांत सक्तीची करावी. दुरुस्तीचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत वादातल्या रकमेवर शास्ती थांबवावी. आणि चूक महापालिकेच्या नोंदीतली असल्याचे सिद्ध झाले तर चूक सुरू झाल्याच्या तारखेपासूनचा फरक पुढच्या बिलांत वळता करावा. रोख परतावा मागत नाही. पुढच्या तीन वर्षांच्या बिलांतून कमी केले तरी माझे समाधान आहे.

यातल्या पहिल्या मागणीला कायदा बदलावा लागत नाही आणि नवीन पैसाही लागत नाही. बिलाची मागची बाजू आजही छापलेली असते. आमच्याकडे तिच्यावर वेळेत कर भरण्याचे आवाहन, पाणी वाचवण्याचा संदेश आणि हे बिल मालकीहक्काचा पुरावा नाही अशी सूचना असते. सूचना राहू द्या. संदेशाची जागा हिशेबाला द्या.

सोबत माझ्या दुरुस्तीआधीच्या बिलाची प्रत, शेजाऱ्यांच्या बिलाची प्रत (त्यांच्या संमतीने, नाव झाकून), अर्जाची पोच आणि लिपिक बाईंनी कोऱ्या कागदावर मांडलेला तो हिशेब जोडत आहे. नमुना म्हणून त्या शेवटच्या कागदाचा उपयोग होईल. एका पानात मावला आहे.

आपला नम्र,
एक घरपट्टी भरणारा नागरिक