सर्व्हरवरची फाइल रिसायकल बिनमध्ये शोधू नका

महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी हिशेब पाहतो. परवा कुणीतरी सर्व्हरवरचं जेकार्ड डिझाइनचं फोल्डर उडवलं आणि सगळे आपापलं रिसायकल बिन उपसत बसले. नेटवर्क ड्राइव्हवरून, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक जागेतून, डिलीट केलेली फाइल तिथे येतच नाही! नशिबाने ‘शॅडो कॉपी’, म्हणजे ठरावीक वेळी फाइलींची तेव्हाची प्रत आपोआप राखून ठेवणारी सर्व्हरची सोय, चालू होती. उडालेलं फोल्डर ज्या फोल्डरमध्ये होतं त्यावर राइट क्लिक, ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’, दुपारी बाराची प्रत. फक्त ‘रिस्टोअर’ दाबू नये, बाकीच्या फाइलीही जुन्या होतात. ‘ओपन’ करून हवं तेवढंच कॉपी करावं.

ही सोय विंडोज सर्व्हरमध्ये २००३ पासून आहे, पण आधीच चालू केलेली असावी लागते. सर्व्हर विकणारे बिल चोख देतात, एवढं मात्र सांगत नाहीत. छोट्या कारखानदारांनी आजच विचारून घ्यावं.

– एक हिशेबनीस, सोलापूर