औषधालाही वाद्य नाही म्हणे!

संपादक महोदय,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला कोरियन पॉपवरचा लेख वाचला. लेखक अभ्यासू असावेत, कारण परिच्छेदागणिक 'संस्कृती' आली आहे. पण ब्लॅकपिंक या गाणाऱ्या गटातल्या चारही मुलींना त्यांनी सरसकट कोरियन करून टाकलं आहे. लिसा थायलंडची आहे, आणि रोझे न्यूझीलंडात जन्मून ऑस्ट्रेलियात वाढली. एकाहत्तरीच्या म्हाताऱ्याला हे कसं ठाऊक? घरी नात आहे.

असो, तेवढं चालवून घेतलं असतं. 'यांच्या गाण्यात खरं वाद्य औषधालाही सापडत नाही' हे वाक्य मात्र झोंबलं. साहेबांनी त्यांचं २०२२ सालचं 'पिंक व्हेनम' नुसतं सुरुवातीपुरतं तरी ऐकलंय का? सुरुवातीलाच तारेचा सूर आहे. व्हिडिओत त्यांच्यातली जिसू ते वाद्य वाजवताना दिसतेसुद्धा. गोमुन्गो म्हणतात त्याला. सहा तारा, त्याही रेशमाच्या पिळाच्या, आणि सोळा पडदे, म्हणजे तार दाबायच्या पट्ट्या. आमच्या सतारीचे पडदे धातूचे आणि सरकवता येणारे, त्यांचे लाकडाचे, उंच आणि पक्के बसवलेले. नखीऐवजी बांबूची काडी असते. ती आपटते तिथे चामडं लावलेलं असतं, म्हणून सुराबरोबर एक थाप पण ऐकू येते. मी मिरजेत चाळीस वर्षं सतारीची जवारी काढतोय, म्हणजे घोडी घासून सूर खुलवतोय. नातीने मोबाइल कानाशी धरला तेव्हा मी हातातली कानस खाली ठेवली होती. पुढचं रॅप मला झेपत नाही, ते सोडा.

आता माझं दुखणं. गेल्या वर्षी नातीने आणि तिच्या पाच मैत्रिणींनी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी हेच गाणं बसवलं. सहा आठवडे आमच्या गच्चीवर, खडूच्या फुल्या मारून आणि मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवून. मी कारखान्यातली सतारीची तडा गेलेली दांडी काढली, तिला सहा तारा लावल्या, टूणच्या लाकडाचे पडदे चिकटवले. आवाज येत नव्हता, पण लांबून हुबेहूब दिसत होतं. संमेलनाच्या आदल्या दिवशी बाईंनी नाच रद्द केला. कारण 'आपली संस्कृती'. पुरावा म्हणून तुमच्याच पेपरातलं एक कात्रण दाखवलं. त्या जागी डीजे लावून कोळीगीत झालं, त्यात खरं वाद्य किती होतं ते विचारू नका. आणि त्याच संमेलनात 'पारंपरिक वाद्ये जपा' या निबंधाला पहिलं बक्षीस! दांडी अजून आमच्या माळ्यावर आहे. नात तिच्याकडे बघत नाही.

ब्लॅकपिंकच्या चुका होत नाहीत असं मी म्हणत नाही. २०२० साली 'हाऊ यू लाइक दॅट'मध्ये सिंहासनाशेजारी गणपतीची मूर्ती जमिनीवर ठेवली होती. लोक चिडले, रास्तच होतं. त्यांनी ती व्हिडिओतून काढली. लेखात मूर्ती ठेवल्याचं आहे, काढल्याचं नाही. बाकी त्याच व्हिडिओत या मुलींनी हानबोक हा कोरियाचा पारंपरिक पोशाख नव्या धाटणीत शिवून घातला होता. आमच्याकडे सतार शिकायला येणारी पोरं झब्बा घालायला लाजतात.

लेखकांना मिरजेला पाठवा. चहा पाजतो, गाणं ऐकवतो, दांडीही दाखवतो.

ता. क. शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर सलग तिसऱ्या आठवड्यात छापलेलं नाही. आडवा शब्द क्रमांक चौदा अजून अडला आहे. संस्कृतीवरची दोन वाक्यं कमी केली असती तर तेवढी जागा नक्की निघाली असती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज