शिक्का सोडून आरसाच दाखवतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऐतिहासिक सिरीयलवर तुमच्याकडे पत्रं येतात ती बहुतेक फेटा चुकला, दागिने चुकले अशी असतात, माझी तक्रार मात्र दोन बहिणींबद्दल आहे. शाहजहानच्या मुली, मोठी जहानआरा आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान रोशनआरा. मुघलांवरची कुठलीही सिरीयल लावा, या दोघी आल्या की सीन ठरलेला. आरशासमोर मोठी बसलेली, मागून धाकटी येते, डोळ्यात काजळ जरा जास्तच, मागे ढँण ढँण म्युझिक, आणि मग ‘सगळे लाड तुझेच’ वगैरे. शिवाय एखादा देखणा सरदार असतोच ज्याच्यावर दोघींचा डोळा. परवा सासूबाई शेंगा सोलत बघत होत्या, म्हणाल्या अगं ही तर आठच्या सिरीयलमधली नणंद, फक्त कपडे बदललेत. मी काय बोलणार, खरंच आहे ते.

आता मुळात भांडण कशावरून होतं ते बघा. 1631 ला मुमताज बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली, तेव्हा जहानआरा 17 वर्षांची. आईची एक कोटीची इस्टेट होती, त्यातली निम्मी एकट्या जहानआराला आणि उरलेली निम्मी बाकी सगळ्या भावंडांत. रोशनआराला काय आलं असेल ते तुम्हीच हिशेब करा. पुढे 1644 ला दिव्यावरून कपडे पेटून जहानआरा भयंकर भाजली, कित्येक महिने अंथरुणाला होती, बरी झाली तेव्हा बापाने खूश होऊन तिला सुरत बंदराचं उत्पन्न लावून दिलं. तिची स्वतःची जहाजं होती, दिल्लीतला चांदणी चौक तिने बांधवला. थोडक्यात घरातल्या किल्ल्या मोठीच्या कमरेला आणि धाकटी बघत बसलेली. म्हणजे मत्सर होता हो, कोण नाही म्हणतंय, पण तो गोऱ्या रंगाचा नव्हता, किल्ल्यांचा होता. हे आपल्याकडे कुठल्याही वाड्यात कळेल, फक्त सिरीयलवाल्यांना कळत नाही.

1658 ला भावांची लढाई लागली. जहानआरा थोरला भाऊ दारा शुकोहच्या बाजूने, रोशनआरा धाकट्या औरंगजेबाच्या, आणि आग्र्याच्या जनान्यातून खबरा बाहेर जायच्या त्या हिच्याकडून. आग्र्याजवळ सामूगढच्या लढाईत दारा हरल्यावर जहानआरा स्वतः औरंगजेबाकडे वाटणीचा कागद घेऊन गेली, पंजाब दाराला, गुजरात मुरादला, बंगाल शुजाला, दख्खन औरंगजेबाच्या मोठ्या मुलाला, बाकी राज्य आणि गादी तुझी. बांधावरून भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले की मोठी बहीण मध्ये पडते ना, तसं. त्याने ऐकलं नाही. एवढा सीन हातात असून आरसा दाखवायचा म्हणजे काय म्हणावं.

धाकटीचंही तसंच. तिला नुसती दुष्ट करून टाकतात. गादीवर आल्यावर औरंगजेबाने तिला 5 लाख दिले, दरबारात तिचा शब्द चालायला लागला, मोठी मात्र आग्र्याच्या किल्ल्यात कैदेतल्या बापाजवळ, आठ वर्षं. 1662 मध्ये औरंगजेब मरणाच्या दारात होता तेव्हाची एक गोष्ट बर्नियर नावाच्या फ्रेंच डॉक्टरने लिहिलीय. राज्याचा मोठा शिक्का रोशनआराकडे ठेवायला दिलेला, पण एका छोट्या पिशवीत घालून, पिशवीवर सील, आणि ते सील मारायची मोहोर औरंगजेबाच्या स्वतःच्या दंडाला बांधलेली. जरा शुद्धीवर आल्याबरोबर त्याने ती पिशवी मागवली, बहिणीने उघडली तर नाही ना हे बघायला. जिने गादीवर बसायला मदत केली तिच्यावरचा विश्वास एवढाच.

हाच बर्नियर जहानआराबद्दल मात्र असं काही घाण लिहून गेलाय की त्याच काळात इथे असलेल्या मनुची नावाच्या इटालियनाने त्या बाजारगप्पा म्हणून झटकल्या (मनुची स्वतः गप्पांत काही कमी नाही म्हणा). आमच्या लेखकमंडळींनी नेमक्या गप्पा उचलल्या आणि पिशवी सोडून दिली.

आणि आपला संबंध नाही असं कुणी म्हणू नका. शाहिस्तेखान औरंगजेबाचा मामा हे आपण चौथीत पाठ केलंय, मग तो या दोघींचाही सख्खा मामाच की. लाल महालात बोटं तुटली ती मामाची, आणि जहानआराला लावून दिलेलं सुरत बंदर 1664 ला महाराजांनी लुटलं. 1666 ला महाराज आग्र्यात होते तेव्हा शिवाजीला सोडू नका म्हणून बादशहाचे कान भरणाऱ्यांत ही जहानआरा बेगम होती, आमेरच्या (म्हणजे पुढच्या जयपूरच्या) माणसांच्या राजस्थानी पत्रांत ते आलंय. आग्र्याचा प्रसंग आपण इतक्यांदा बघितला, पेटारे तर तोंडपाठ आहेत, पण पडद्यामागे आपल्या बंदराच्या पैशासाठी चिडलेली बाई मला तरी कुठे दिसली नाही.

त्याच वर्षी शाहजहान मेला आणि औरंगजेबाने विरोधात गेलेल्या मोठीलाच पुन्हा पादशाह बेगम, म्हणजे जनान्यातली सगळ्यात मानाची बाई केलं, रोशनआरा मागे पडली आणि 1671 ला गेली. कसलं विष नाही, झिंज्या उपटणं नाही, फक्त भावाची गरज बदलली. दाराच्या अनाथ मुलीला जहानआराने सांभाळलं आणि 1669 ला औरंगजेबाच्याच मुलाशी, आझमशी, तिचं लग्न लावलं. बापाचा खून करणाऱ्याच्या घरात मुलगी दिली, त्या आत्याच्या मनात काय चाललं असेल, यावर आठवडाभर एपिसोड चालेल.

आमच्याकडून बऱ्हाणपूर रेल्वेने तासाभरावर, रोशनआरा तिथलीच, 1617 चा जन्म. मागच्या दिवाळीत तापीपलीकडे आहूखान्यात, म्हणजे मुघलांच्या जुन्या शिकारबागेत गेलो होतो, मुमताजला आग्र्याला न्यायच्या आधी सहा महिने तिथे पुरलेलं. पडक्या भिंती, गवत, शेळ्या, दुसरं कुणी नाही. मुलीने विचारलं की सिरीयलमधल्या त्या दोघी इथे रडल्या असतील का, तर मोठी नक्की, आणि धाकटीही 13 वर्षांचीच होती.

तर कुणी सिरीयलवाले हे वाचत असतील तर ती पिशवी घ्या एकदा. आजारी भाऊ पिशवीवरचं सील निरखतोय आणि बहीण समोर उभी, डायलॉग एकही नको. तेवढा एपिसोड लागला तर सासूबाईंना शेंगा बाजूला ठेवायला लावीन.

आपली,
एक वाचक, भुसावळ