वाळूखालचं पाणी

वोटे, माकुएनी (केनिया)
२४ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "तुम्ही लोक निघून आलात की तिथं काय राहतं?" तेवढ्यात रेंज गेली. तेव्हापासून तोच प्रश्न मनात आहे, म्हणून लिहायला बसले.

इथला मुलूख पाहिलात तर तुम्हाला आपला माणदेशच वाटेल. बाभळी, तांबडी माती आणि वर्षातला बराच काळ कोरड्या पडलेल्या नद्या. पाऊस मात्र दोनदा येतो, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. इथल्या कांबा समाजातल्या शेतकऱ्यांचा भरवसा या दुसऱ्या पावसावर जास्त. आई, मक्याच्या जोडीला इथे तूर आणि मूग असतात! तुरीला म्बाझी म्हणतात, मुगाला न्देंगू. इथली तूर भारतात जाते, तुझ्या डब्यातही कधी आली असेल.

आमचं काम वाळूच्या बंधाऱ्यांचं. नदीत कातळ जिथं जवळ लागतो तिथं आडवी भिंत घालायची. पुराबरोबर आलेली जड वाळू तिच्यामागे बसते, बारीक गाळ वरून निघून जातो. एक ते तीन-चार पावसाळ्यांत बंधारा वाळूनं काठोकाठ भरतो. नवख्याला वाटतं, वाया गेला. पण त्या वाळूच्या आकारमानाच्या पाव हिस्स्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी तिच्या पोटात राहतं. उन्हानं फारसं उडत नाही, डास होत नाहीत, गाळूनही निघतं. आजी नदीत झिरा काढून वाटीवाटीनं घागर भरायची ना, तसंच. फक्त इथला झिरा सप्टेंबरात, म्हणजे इथल्या कोरड्या दिवसांच्या शेवटीही, ओला असतो.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. पहिल्या बैठकीत एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं होतं, "पाटीवर नाव कुणाचं लावणार?" त्यांच्या गावात कुणा देणगीदारानं दिलेला हातपंप होता. पाटी शाबूत, पंप कधीचाच बंद, सुटे भाग कुठे मिळतात ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही. बंधारा झाला तेव्हा त्यांनीच ओल्या सिमेंटवर खिळ्यानं बंधारा बांधणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाचं नाव आणि साल कोरलं. तेवढीच पाटी. त्या बाईंना मी म्वाइतू म्हणते, म्हणजे आई. तू रागावू नकोस हं.

सिमेंट, लोखंड आणि आखणी आमची. दगड, वाळू, पाणी आणि श्रम गटाचे. कांबांमध्ये म्वेथ्या म्हणून जुनी रीत आहे, अगदी आपल्या इर्जिकीसारखी. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. याच रीतीवर जोशुआ मुकुस्या यांनी १९७८ मध्ये माचाकोसच्या बाजूला शेजारीपाजारी जमवून उतूनी गट उभा केला. आमचं सगळं शिक्षण त्या वाटेवरचंच आहे. आमच्याकडे गटानं आधी आपल्या उतारावर चर खणून, माती वरच्या अंगाला टाकून बांध घालायचे, मगच सिमेंट येतं. सुरुवातीला मला ही अट कठोर वाटायची. आता ती सोडावीशी वाटत नाही.

सगळीकडे जमलं असं नाही. एका ओढ्याची जागा मी चुकीची निवडली. वरून वाळू येतच नव्हती, नुसता चिखल भरला. बायकांचे सहा आठवड्यांचे कष्ट गेले. ते दुःख मी अजून विसरलेले नाही.

पण मागच्या महिन्यात चार वर्षांपूर्वीच्या एका बंधाऱ्याचा काठ पुरानं कापला. मला कळलं तेव्हा दुरुस्ती उरकली होती. चामातून, म्हणजे आपल्या भिशीतूनच, सिमेंट आणलं, दगड आपणच वाहिले. मला बोलावलं ते जेवायला. मुथोकोई केली होती, कांडलेल्या मक्याची, सोबत तूर. मी त्या नव्या जोडाकडे बघत बसले. बाबा, आम्ही निघून आल्यावर तिथं हे राहतं.

आणखी एक मागणं आहे. माकुएनीनं २०१५ मध्ये वाळू राखण्याचा कायदा केला, कारण ट्रक भरून गेले की नदीचं पाणीही जातं हे त्यांनी भोगलंय. आपल्या विहिरीला फेब्रुवारीत तळ दिसायला लागला तो नदीत ट्रक उतरू लागल्यापासूनच ना? ग्रामसभेत वाळूचा विषय निघाला तर गप्प राहू नका. तुमचं बोलणं गाव ऐकतं.

मी मार्चच्या आधी येतेय, महिनाभर राहीन. तोवर दर अमावास्येला विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी वहीत लिहून ठेवाल का? आले की पहार घेऊन जाऊ आणि नदीत कातळ कुठं लागतो ते बघू. आई, तुझे गुडघे दुखत असले तरी काठावर छत्री घेऊन ये. जुना झिरा कुठे होता ते तुलाच ठाऊक आहे.

तुमची,
सुमी