इटालियन शेलमध्ये इंग्रजी कप बसत नाही, आणि मी तो उलटा फिरवत नाहीये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग (आणि त्यांच्या वर कुणी असेल तर ते)

विषय : सायकलच्या फ्रेम संचातील बीबी शेल व कप यांचे आटे न जुळणे. पाचवा फोन, तिसरा मेल, पहिलं आणि शेवटचं पत्र.

महोदय,

बीबी शेल म्हणजे पायडलचा अ‍ॅक्सल ज्यातून जातो ती फ्रेमच्या तळाची आडवी नळी, आणि कप म्हणजे तिच्या दोन्ही तोंडांत आट्यांनी बसणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या, हे तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्ही तो विकता. तुमच्या पुस्तिकेत पान ४ वर स्वच्छ छापलंय : 'शेल ६८ मिमी, इंग्रजी आटे, १.३७ इंच × २४.' माझ्या पार्सलात निघाला तो ७० मिमी रुंदीचा, आतून ३६ मिमी, इंचाला तेच २४ आटे, पण दोन्हीकडे सुलटे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने आवळणारे. म्हणजे इटालियन. व्हर्नियर लावून तीनदा मोजला. व्हर्नियरवर भरवसा नसेल तर शेजारी स्टीलची पट्टी ठेवून काढलेला फोटो तुम्हाला १४ जूनलाच गेलाय.

आता कुणीही विचारेल, की माहीत होतं तर शेल नळ्यांना पितळाने झाळून जोडलात कशाला? त्याचं उत्तर तुमच्याच मेलमध्ये आहे. 'शेल ७० मिमी इटालियन आला आहे, कप कोणते येणार?' असं मी सरळ विचारलं होतं. कप मागाहून दुसऱ्या पार्सलने येणार होते. दोन दिवसांनी उत्तर आलं : 'कृपया निश्चिंत राहा, संपूर्ण सेट मॅच आहे, काम सुरू करावे.' मी निश्चिंत राहिलो. इटालियन शेल आहे, तर कपही इटालियन पाठवतील, असं धरून चाललो. या व्यवहारात माझी चूक काढायची तर ती एवढीच.

ही सायकल कुणासाठी, तेही सांगतो. माझ्या पत्नीची उंची ४ फूट १० इंच. बाजारात 'लेडीज' म्हणून जी सायकल मिळते ती एकाच मापाची, सगळ्या बायका एका साच्यातून काढल्यासारखी. लहान फ्रेमला ७०० सीचं मोठं चाक घातलं की वळताना पायाचा अंगठा चाकाला घासतो. म्हणून २६ इंची चाक धरून, तिच्या मापाची फ्रेम मी कागदावर पूर्ण आकारात काढली आणि तुमचा 'स्वतः बनवा' संच मागवला. क्रोमोली पोलादाच्या नळ्या, त्यांच्या सांध्यांवर चढणाऱ्या बाह्या म्हणजे लग, शेल, मागचं चाक बसतं ते ड्रॉपआउट, कप, अ‍ॅक्सल, सगळं एकाच ठिकाणचं, म्हणजे मापांची कटकट नको! हे वाक्य आता मोठ्याने वाचलं तर घरात हशा होतो.

नळ्यांची तोंडं लगमध्ये बसतील अशी कानशीने गोलाईत घासायला आठ दिवस गेले. लगच्या कडा तुमच्याकडून येतात त्या जाड. त्या घासून टोकाशी पातळ केल्या. झाळकाम पितळाचं. फ्लक्स लावून सांधा नारिंगी होईपर्यंत तापवायचा, काडी लगच्या एका तोंडाशी टेकवायची आणि दुसऱ्या तोंडाशी केसाएवढी पिवळी रेघ फुटली की समजायचं, आत सगळीकडे पितळ भरलं. शेलला चार नळ्या येतात. चारही तोंडांना ती रेघ एकसारखी आली. तेहतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, पण त्या दिवशी मी बायकोला हाका मारून ती रेघ दाखवली.

मग रंग. भर पावसाळ्यात टू-पॅक रंग मारणं म्हणजे हवेशी जुगार. त्यात मिसळायच्या हार्डनरला दमट हवा चालत नाही. चार दिवस आकाशाकडे बघत बसलो आणि पाचव्या दिवशी ऊन पडल्यावर मारला. मोरपंखी, तिच्या पसंतीचा. शेलच्या आट्यांवर रंग जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांना ग्रीस लावलेलं फडकं कोंबलं होतं. (कुणासाठी जपत होतो ते आटे, देव जाणे.) नंतर ८००, १२००, २००० चा वॉटर पेपर, कटिंग कंपाउंड, आणि लगच्या कडेकडेने लांब केसांच्या ब्रशने हाताने ओढलेली सोनेरी रेघ. ब्रश एकदा टेकवला की श्वास सोडायचा नाही. अशा एकवीस रेघा.

१९ जुलैला कप आले. इंग्रजी! उजवा कप शेलमध्ये धरला तर आटे पकडायच्या आधीच सरळ आत गेला, मोठ्या बाटलीच्या तोंडात लहान बूच जावं तसा. इंग्रजी कप बाहेरून ३४.८ मिमी, शेल ३६. मध्ये १.२ मिमीची हवा. ती हवाही तुमच्याच संचातली धरायची का?

त्यानंतरचे चार फोन सोडून देतो. बावीस मिनिटं होल्डवर बासरी ऐकली, त्याबद्दलही तक्रार नाही, वाजवणारा चांगला होता. पाचव्या फोनवर मात्र तुम्ही मला 'टेक्निकल टीमच्या सीनियर'कडे जोडलंत. त्याबद्दल सविस्तर लिहितोय, कारण ते मला झोपू देत नाही.

त्याने विचारलं, "सर, कुठल्या बाजूचा कप बसत नाहीये?"
म्हटलं, दोन्ही.
"सर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा."
म्हटलं, कोणता?
"दोन्ही सर. सगळं तसंच टाइट होतं."
म्हटलं, तुमच्या इंग्रजी कपाला उजवीकडे उलटे आटे असतात. पायडल मारून मारून कप सुटू नये म्हणूनच ती पद्धत आहे. डाव्या पायडललाही उलटे आटे असतात, हे पंक्चर काढणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. आणि इथे प्रश्न दिशेचा नाहीच, कप आट्यांना टेकतच नाहीये.
तो थांबला. मला वाटलं, कागद बघतोय.
"उलटे आटे असं काही नसतं सर. तुम्ही हे पहिल्यांदाच करताय का?"
मी गप्प. मग तो जरा मायेने म्हणाला, "टेफ्लॉन टेप लावून बघा. आठ-दहा वेढे."
म्हटलं, हा नळ आहे का?
तेव्हा माझा 'सर' संपला. "काका," तो म्हणाला, "घरात कुणी तरुण आहे का? त्यांना फोन द्या ना."

फोन स्पीकरवर होता. पत्नी शेजारी शेंगा सोलत होती. ती हसली. हा संवाद तुमच्याकडे 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड झालेला असणार, कृपया ऐका. ज्या माणसाला स्वतःच्या कंपनीच्या कपाचे आटे माहीत नाहीत, त्याने आयुष्यभर आटे पाडलेल्या माणसाकडून तरुण माणूस मागवला. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. पाचपैकी किती तारे द्याल?'

मग परतीच्या विभागाचा मेल. शेल बदलून मिळेल, पण 'मूळ स्थितीत, न वापरलेला' परत पाठवा. तो चार नळ्यांना पितळाने झाळलेला आहे, वर मोरपंखी रंग आहे, असं कळवलं. उत्तर आलं, 'आपल्या सोयीनुसार वेगळा करून पाठवावा.' करवत तुम्ही पाठवताय की मी विकत आणू?

शेल ७० मिमीचा आहे हे मी जूनमध्ये कळवलं होतं. पुन्हा लिहितो, कारण पुन्हा पुन्हा विचारलं जातंय : जूनमध्ये. झाळण्याआधी.

आणि मी मागतोय तरी काय? इंग्रजी शेलचे आटे गेले तर त्यात इटालियन आटे पाडून काम भागतं. उलटं होत नाही, गेलेलं लोखंड परत येत नाही. म्हणजे इलाज एकच, ७० मिमी इटालियन शेलचे कप आणि त्याला साजेसा अ‍ॅक्सल. तो भाग तुमच्याच यादीत आहे, मी पाहिलाय. एका डबीत मावतो. नवी फ्रेम नको, मनस्तापाचे पैसे नकोत, खरेदीवर सवलतीचं कूपन तर मुळीच नको. इटालियनला दोन्हीकडे सुलटे आटे, म्हणून उजवा कप सैल व्हायची खोड असते, तो कसा आवळायचा ते माझं मी बघेन. त्यासाठी फोन करणार नाही, घाबरू नका.

खंडेनवमीला हत्यारांच्या शेजारी ही फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली. बिनचाकाची, बिनपायडलची, गळ्यात झेंडूचा हार. शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवीन शोपीस का?" दसऱ्याला पत्नी त्यावर बसून बाजारात जाणार होती. रिक्षाने गेली.

पंधरा दिवस वाट पाहीन. नंतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि तिथेही बासरीच वाजली तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला तिथे शुल्क लागत नाही आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो. व्हर्नियर, पट्टी आणि तुमचा 'निश्चिंत राहा' मेल, तिन्ही घेऊन येईन. धमकी द्यायचा माझा स्वभाव नाही. वाईट याचं वाटतं की तुमच्या नळ्या खरंच चांगल्या आहेत. सरळ, एकसारख्या जाडीच्या, आत गंजाचा ठिपका नाही. नळ्या निवडणारा माणूस आणि फोन उचलणारा माणूस एकाच कंपनीत कसे, हे मला कळत नाही.

आपला,
अजून तरी ग्राहक
चिंचवड, पुणे

ता. क. : इंग्रजी कप परत हवे असतील तर माणूस पाठवा. तेल लावून कागदात गुंडाळून ठेवलेत. आटे उत्तम पाडलेत, योग्य शेलमध्ये गेले तर कुणाच्या तरी कामी येतील. उजवा कुठला ते वर लिहून ठेवलंय.