साक्ष द्यायच्या आधी

म्हापसा, गोवा
ऑगस्टअखेर

प्रिय चिमे,

सप्रेम सलाम.

यांची तब्येत आता चांगली आहे. जखम सुकली, जेवण जातं, साखर आटोक्यात आहे. हे सगळं तुला फोनवर सांगून झालंय. जे फोनवर सांगता येत नाही त्यासाठी हे पत्र. फोनवर तू मधेच 'अगं, पण' म्हणतेस आणि माझा मुद्दा तिथेच राहतो. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच आणि मग भांड.

येत्या रविवारी आमच्या मंडळीत यांच्यासाठी उपकारस्तुतीची उपासना ठेवली आहे. पाळकसाहेब म्हणाले, साक्ष तुम्हीच द्या, सिस्टर, देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगा. मंडळी म्हणजे काय, घरोघरी जमणारी वीसेक माणसं. पण यांचं ऑपरेशन झालं तेव्हा याच माणसांनी पाळीपाळीने उपास धरले, कुणी रक्त दिलं, कुणी डबा आणला, कुणी पावसात रात्री अडीचला स्कूटर घेऊन औषधासाठी गेलं. त्यांचा हक्कच आहे ऐकायचा. आणि मलाही उभं राहून सांगायचंय. माझं मन इतकं भरून आलेलं आहे की सकाळी यांच्या खोकल्याचा आवाज आला तरी देवाचे आभार तोंडातून निघतात. तरीही ती साक्ष मनाशी जुळवायला बसले की एका वाक्यापाशी अडखळते, आणि ते वाक्य मी अजून घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाबद्दल तुला ओझरतं बोलले होते. सत्तरी तालुक्यातला, वाळपईच्या बाजूचा. यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. काजूची बागायत, थोडी सुपारी. दोघांचं बायपास एकाच दिवशी. दोघांना एकदमच वॉर्डात आणलं, आणि तिथून त्यांची गट्टी जमली. तुला ते तीन चेंडूंचं यंत्र आठवतंय ना, नळीतून श्वास ओढला की चेंडू वर चढतात? यांचा एक चेंडू कसाबसा वर जायचा, दुसरा थरथरून खाली बसायचा. तो पलीकडून ओरडायचा, "मास्तर, ओढा! मामलेदाराच्या पुढ्यात बसलाय असं समजा आणि श्वास धरा!" खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची असते, ती धरायलाही त्यानेच यांना लावलं. मी बायको, वर इतकी वर्षं नर्स, माझं काही चालत नव्हतं. त्याचं चाललं. दुसऱ्या संध्याकाळी यांचे दोन्ही चेंडू वर टेकले आणि तो टाळ्या वाजवायला गेला, तर दुखलं म्हणून फक्त बोटं आपटली.

आणि सारखं आमंत्रण. चवथीला आमच्याकडे या, माटोळी बघायला. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घड, तोरंजन, आंबाडे आणि रानातली कसली कसली फळं बांधतात, हे तू इथे आलीस तेव्हा एका घरी पाहिलंस. तो सांगायचा, चवथीच्या आधी पोरांना घेऊन रानात जायचं, कुठलं फळ कुठल्या वेलीला लागतं ते मला बापाने दाखवलं, मी पोरांना दाखवतो. यांना दम लागू नये म्हणून मी ते बोलणं दोनदा थांबवलं.

त्याची बायको आणि मी बाहेरच्या बाकावर. एकाच फ्लास्कचा चहा. तिच्या पदराच्या गाठीला देवीचा अंगारा. मी डोळे मिटून बसलेली पाहून तिने विचारलं, "ताई, तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, प्रार्थना करते. ती म्हणाली, "मग आमच्या ह्यांचंही नाव घ्या." आणि मी घेतलं. चिमे, रोज घेतलं. वेगळी प्रार्थना केली नाही, एकाच प्रार्थनेत दोन नावं. प्रभू, या दोघांना उठव.

एके रात्री त्याच्या हृदयाची लय बिघडली. तुला आणखी सांगायला नको, मॉनिटरवर काय दिसलं असेल ते तुला दिसतंय. डॉक्टरांनी, सिस्टरांनी काही म्हणता काही कमी केलं नाही, मी स्वतः पाहिलं. पहाटे तो गेला.

सामान बांधताना ती माझ्याजवळ आली. रडून झालेलं होतं. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तुमच्या देवानं तुमचं ऐकलं, ताई."

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटलं आणि तिने ते माझ्यासाठी आनंदाने म्हटलं. म्हणूनच ते निघत नाही. साक्षीत सगळे म्हणतात तेच मीही म्हणणार, प्रभूने आमची प्रार्थना ऐकली. मग त्याच प्रार्थनेतलं दुसरं नाव? तेही त्याच तोंडाने, त्याच विश्वासाने घेतलं होतं.

हे दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर उत्तर ठरलेलं आलं असतं: देवाची योजना आपल्याला कळत नाही. ते खरंच आहे, मी नाकारत नाही. पण तू ते लगेच म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे, कारण तुला ते लोकांनी फार लवकर ऐकवलं होतं. आमच्या थोरलीच्या समर्पणाच्या उपासनेला, तान्ही असताना तिला देवापुढे अर्पण केलं तेव्हा, तू आली नाहीस. तुझं बाळ जाऊन महिनाही झाला नव्हता. मी निरोप पाठवला, तर तू उलट निरोप पाठवलास: "तू देवाचे आभार मान, पण माझ्याकडे बघून मानू नकोस." मग आपण बोलेनाच. मिरजेत एका वॉर्डात ड्यूटी, औषधांची ट्रॉली ढकलायची दोघींनी आणि बोलायचं पेशंटमार्फत. शेवटी नाताळात तूच करंज्यांचा डबा घेऊन दारात उभी. (करंज्या कडक झाल्या होत्या. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. थोरलीने त्यावरच दात आणले.) तुझा तो निरोप मला इतकी वर्षं भांडणातलं वाक्य म्हणून आठवत होता. आता तो परूशाच्या गोष्टीशेजारी ऐकू येतो.

बायबलात लूकच्या अठराव्या अध्यायातली ती गोष्ट लहानपणापासून ऐकतोय आपण. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, आणि जकातदार, लोकांनी पापी ठरवलेला, मंदिरात जातात. परूशी गर्विष्ठ, हे पाठ आहे. पण त्याची प्रार्थना सुरू होते आभाराने! मी इतर माणसांसारखा नाही म्हणून तो देवाचे आभार मानतो. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघून मानलेले आभार. माझी साक्ष शेवटी तशी होईल का, याची मला भीती वाटते. तो गेला, हे राहिले, स्तुती असो. शब्द कितीही गोड केले तरी आत हेच. त्याच शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, आणि प्रभू विचारतो, ते बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हांला? 'नाही' म्हणतो. मेलेले जास्त पापी नाहीत, तर वाचलेलेही जास्त लाडके नाहीत. मग मी उभी राहून काय सांगू?

पाळकसाहेबांना अर्धंमुर्धं बोलले. ते दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट घेणार आहेत उपदेशाला, बरे झाल्यावर आभार मानायला एकटा शोमरोनी परत आला ती. चांगलीच आहे. पण तिथे दहाच्या दहा बरे झाले होते गं. अकरावा कुणी रस्त्याकडेला बरा न होता बसलेला असता, तर त्या शोमरोन्याने मोठ्याने गौरव करत त्याच्यासमोरून कसं जायचं, हा माझा प्रश्न आहे.

आता मधेच एक वेगळंच सांगते, पण ते वेगळं नाही. घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, म्हणतात, ती खाली ऐकू येते. विधवा बाई, मुलगा तारवटी, बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी. परवा त्या भाताच्या दोन लोंब्या घेऊन आल्या. कणसांचं फेस्त, म्हणजे नव्या कणसांचा सण, झालं, पाद्रीने आशीर्वाद दिलेली कणसं. घरोघर वेदीपाशी ठेवतात. आम्हांला वेदी नाही म्हणून त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली, यांच्या औषधांच्या डब्याशेजारी. रायच्या चर्चमध्ये हे फेस्त ५ ऑगस्टला, ताळगावात २१ ला, गावागावांत असंच पुढेमागे. मी लोंबी हातात घेतली. दाणे हिरवट, नखाने दाबला तर दूधच निघालं. मी म्हटलं, बाय, हे अजून पिकलंच नाही. त्या म्हणाल्या, पीक अजून शेतातच आहे, कापणीला अवकाश आहे. मग पुढे पाऊस लागून सगळं आडवं झालं तर? "कणसां उणीं आसलीं तरी फेस्त जाताच," म्हणाल्या, म्हणजे कणसं कमी आली तरी सण होतोच, आणि गेल्या मासे बघायला.

आपल्या नगरकडे कापणीचा सण व्हायचा तो पोती घरात आल्यावर. लिलाव, ज्वारीच्या पेंढ्या, मामांनी एका भोपळ्यासाठी लावलेली बोली. मिळालं, म्हणून आभार. इथे हिंदूंच्या घरीसुद्धा चवथीच्या दुसऱ्या दिवशी नवं असतं, तेव्हाही भात शेतात उभंच. म्हणजे आभार आधी, हिशोब नंतर. आणि मग मला शेवटच्या भोजनाची रात्र आठवली. दर महिन्याला प्रभुभोजनाच्या वेळी वाचतात, ज्या रात्री त्याला धरून दिलं त्या रात्री त्याने भाकर घेतली आणि आभार मानून मोडली. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या मेजावर सगळे होते, धरून देणाराही. कुणाच्या वाट्याला काय आलं ते बघून मानलेले ते आभार नाहीत.

तेव्हापासून थोडा श्वास मोकळा झालाय. मला वाटतं रविवारी मी 'आमची प्रार्थना ऐकली' असं म्हणणार नाही. मी त्या दोन्ही घरांना सारखं मिळालं त्याचे आभार मानीन. बाकावरचा चहा. तिने माझ्यावर ठेवलेला विश्वास. आणि तो माणूस. त्याचं नाव मंडळीत घेणार आहे. यांच्या फुप्फुसांत आज जो श्वास जातो तो त्याने ओरडून ओढायला लावलेला आहे. पण तो आमच्यासाठी पाठवला होता असलं मी बोलणार नाही. कुणी बोललं तर तिथेच थांबवीन. तो त्याच्या बायकोचा नवरा होता, त्याच्या पोरांचा बाप होता, त्याच्या काजूंचा होता. आमच्या साक्षीत शोभा आणायला तो जन्मला नव्हता.

दुसऱ्या नावाचं काय झालं, हे मी रोज विचारते. उत्तर आलेलं नाही. विचारणं मी बंद करणार नाही आणि आभारही बंद करणार नाही. स्तोत्रसंहितेत दोन्ही शेजारीशेजारी आहेत, एकाने दुसऱ्याला हाकललेलं नाही.

हे घरी आता जेवणाआधीची प्रार्थना स्वतः करतात. पूर्वी आमेनपर्यंत आमटी थंड व्हायची नाही, इतकी झटपट. आता उकड्या तांदळाच्या पेजेच्या वाटीवर हात ठेवून बराच वेळ गप्प बसतात, मग म्हणतात, "प्रभू, पेज गरम आहे," आणि खायला लागतात. मी हसले नाही. त्यात सगळं आलं.

तुझं काय? गुडघा दाखवलास का? मुलाच्या पुण्याच्या नोकरीचं पत्र हातात आलं का नुसतंच तोंडी? रिटायर झालीस तर भजनी मंडळाला टाळ कोण देणार, तू पुढे पळतेस आणि पेटीवाला मागे धावतो, ही तुमची परंपरा मोडू नका. आणि 'गोव्यात मराठी प्रार्थना ऐकतं कोण' हे तुझं जुनं पालुपद आता पुरे. फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली ती इथेच, आणि १६१६ साली छापली तीही इथेच, रायतूरला. तुझ्या मिरजेत मिशनचं इस्पितळ उभं राहायच्या कितीतरी आधी.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. मला वाळपईला तिच्याकडे, त्या माणसाच्या बायकोकडे, जायचंय. बागायत सासऱ्याच्या नावावर आहे, तिच्या हातात काही नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत विधवांना दरमहा मदत मिळते, तिने अर्ज केलेला नाही, कागद कुठले लागतात तेही तिला माहीत नाही. मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पुस्तक, एवढं मी बसून करून देऊ शकते. यंदा त्या घरात माटोळी बांधणार नाहीत, म्हणून चवथीच्या दिवसांतच जावं असं वाटतं, तेव्हा घर जास्त रिकामं लागेल. हे म्हणतात, मीही येतो, मला त्याच्या पोरांना भेटायचंय.

इथे मला तू हवी आहेस. मी एकटी गेले तर ठीक. पण यांना दारात चालत येताना पाहून तिला काय होईल? तुझ्या जागी बसून विचार करून बघते आणि मला कळत नाही. त्या वर्षी मी बाळाला कडेवर घेऊन तुझ्या दारात आले असते तर तू दार उघडलं असतंस का? माझं मन राखायला काही लिहू नकोस, तेव्हा जे वाटलं असतं तेच लिही. चवथीच्या आत पत्र पोचायला हवं. आणि जमलं तर गोवा एक्सप्रेसने ये, मडगावला घ्यायला येते, वाळपईला दोघी मिळून जाऊ.

तुझीच,
हॉस्टेलची खिडकीवाली