घाट उतरताना स्कूटरचे इंजिन बंद करू नका

महोदय,
महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना पेट्रोल वाचवायला स्कूटरचे इंजिन बंद करणारे दिसतात. हे फार घातक आहे. स्कूटरला गिअर नसले तरी इंजिन थोडाफार वेग रोखून धरते. वेग अगदी कमी झाला की मात्र आतला क्लच सुटतो आणि गाडी उतारावर मोकळी धावू लागते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर किंचित दिला की क्लच पुन्हा पकडतो.

वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबावेत. गाडी तिरकी असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला की खडीवर चाक निसटलेच म्हणून समजा. ब्रेक सतत दाबून ठेवला तर ड्रम तापतो, लायनर पकडत नाहीत, जळका वास येतो. मग दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये.

डावे वळण आवळ असते. तिथे वेग जास्त असला तर गाडी उजवीकडे फेकली जाते, नेमकी वर येणाऱ्या एसटीसमोर. एसटीला वळायला जवळजवळ सगळा रस्ता लागतो. हॉर्न द्यावा, थांबावे, चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे.

— एक वाचक, सातारा